मरण सुकताना की भिजताना?

कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी पेशी असतात. पाकिटात भरताना त्यांच्यात पाणी उरलेलं असतं चार ते सहा टक्के. हीच पेशी मळीच्या द्रावणात वाढत होती, तेव्हा तिच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग पाणीच होतं. एवढं पाणी गेल्यावर श्वसन चालत नाही, प्रथिनं बनत नाहीत, साखर फुटत नाही. सजीवांची म्हणून जी लक्षणं शाळेत पाठ करून घेतात, त्यांतलं एकही शिल्लक राहत नाही. तरी वर्षभराने पाकीट फोडून कोमट पाणी घातलं की थोड्याच वेळात फेस येतो. माणसाच्या यकृतातल्या किंवा भाताच्या पानातल्या पेशीला हे जमत नाही.

पुण्याच्या एका उपनगरात बेकरी चालवणारे मामा आणि यीस्टच्या जनुकांवर पीएचडी करणारी त्यांची भाची यांच्यात या फेसावरून जुना वाद आहे. मामांचं म्हणणं असं, की यीस्ट वाचतं ते माणसाच्या हातामुळे. कारखान्याने नीट सुकवलं आणि बेकरीवाल्याने नीट भिजवलं, तरच ते जगतं. भाचीच्या मते पेशीचा निकाल सुकण्याच्या आधीच लागलेला असतो. ही विद्या यीस्टची स्वतःची. माणसाने ती हेरली आणि विकायला काढली, एवढंच. दोघांकडे पुरावे आहेत आणि दोघांनाही समोरच्याचे पुरावे आपल्या बाजूला ओढायची सवय आहे.

मामांचा पुरावा रोजच्या कामातला. "जानेवारीत टाकीचं पाणी हाताला झोंबतं. नवा पोरगा येतो, कोरडं यीस्ट तसल्याच पाण्यात टाकतो आणि दुपारपर्यंत डो जागचा हलत नाही. तोच मैदा, तेच पाकीट. मी कोमट पाण्यात भिजवलेलं मात्र तपेल्यातून उतू जातं. आता सांग, ते सुकताना मेलं की भिजताना? पाकिटात जिवंतच होतं ना? पाण्याने मारलं."

"नुसत्या गार पाण्याने नाही, मामा. ताज्या यीस्टची वडी त्याच पाण्यात कालवा, तिला काही होत नाही. फुगायला वेळ लागेल, पण मरणार नाही. पेशी कोरडी असेल आणि पाणी गार असेल, दोन्ही एकदम असेल, तेव्हाच घात होतो."

घात होतो तो पेशीच्या पटलावर. हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. ओल्या पेशीत या रेणूंच्या डोक्यांमध्ये पाण्याचे रेणू शिरलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांपासून अंतर राखून असतात आणि थर प्रवाही राहतो. पाणी गेलं की रेणू एकमेकांना खेटतात आणि थर गोठतो. गोठलेला थर किती अंशांवर पुन्हा प्रवाही होईल, हे ओलाव्यावर ठरतं. ओल्या यीस्टमध्ये ते तापमान खोलीतल्या तापमानाच्या बरंच खाली असतं. सुकलेल्या यीस्टमध्ये ते चाळिशीच्या आसपास चढतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन आणि लोइस क्रो यांच्या गटाने १९९४ मध्ये अख्ख्या यीस्ट पेशींवर हे मोजून दाखवलं. कोरडी पेशी वीस अंशांच्या पाण्यात पडली, तर पाणी आत शिरत असतानाच पटलाची अवस्था बदलते. त्या क्षणी थराचा काही भाग गोठलेला आणि काही प्रवाही असतो. मधल्या सीमांवर फटी पडतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो: पोटॅशियम, अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड. चाळीस अंशांच्या पाण्यात पटल उष्णतेने आधी प्रवाही होतं आणि मग ओलं होतं. भिजताना अवस्था बदलण्याची वेळच येत नाही.

"म्हणजे माझंच खरं," मामा म्हणतात. "कोमट पाणी हाच जीव."

"अर्धं खरं. चाळीसच का, हे विचारा की. याच गटाने एक विशिष्ट साखर नसलेल्या यीस्टचं पटलही मोजलं. त्याचं प्रवाही होण्याचं तापमान सुकल्यावर साठ अंशांपर्यंत गेलं. आता साठ अंशांच्या पाण्यात यीस्ट उकडूनच मरतं. म्हणजे ती साखर नसती, तर तुमच्या हाताला कोणतंच पाणी बरोबर सापडलं नसतं. गार पाण्यात पटल फाटलं असतं, गरम पाण्यात पेशी शिजली असती. तुमच्या कोमट पाण्याला जागा करून दिली ती पेशीने, तीसुद्धा पाकिटात जाण्याआधी."

ती साखर म्हणजे ट्रेहॅलोज. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून ती बनते. जोमाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये ती जवळजवळ नसते. अन्न संपत आलं, उष्णता वाढली की पेशी ती साठवू लागते, आणि चांगल्या सुकवलेल्या यीस्टमध्ये तिचा वाटा कोरड्या वजनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. भाचीच्या वादाचा मुख्य आधार हाच फरक आहे. प्रयोगशाळेत भरपूर ग्लुकोजमध्ये भराभर विभागणाऱ्या पेशी उचलून सुकवल्या, तर लाखांत एखादीही वाचत नाही. तोच वाण, तेच भांडं, पण अन्न संपून वाढ थांबेपर्यंत वाट पाहिली, तर मोठा हिस्सा वाचतो. सुकवण्याची पद्धत तीच, भिजवण्याचीही तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या खेपेला पेशी आधी उपाशी राहिलेल्या असतात.

मामांना हे पटतं, पण ते खूश होतात वेगळ्याच कारणाने. "उपाशी ठेवतो कोण? कारखानाच ना!"

मुद्दा बिनतोड आहे. यीस्टच्या कारखान्यात साखर कारखान्याची मळी टाकीत एकदम ओतत नाहीत. यीस्टला साखर एकाच वेळी भरपूर मिळाली, तर ते हवा असूनही दारू बनवत बसतं आणि पेशींची संख्या हवी तशी वाढत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्क आणि जर्मनीत एक रीत रुळली: खालून जोरात हवा सोडायची आणि मळी बेताबेताने घालायची. सुकवण्यासाठीच्या यीस्टला शेवटच्या टप्प्यात आणखी एक शिस्त लावतात. नायट्रोजनचा पुरवठा तोडतात, मळी आखडतात, हवा मात्र चालू ठेवतात. फुटलेल्या कळ्या पूर्ण होऊन आईपासून सुटतात, नव्या फुटत नाहीत, पेशीतल्या प्रथिनांचं प्रमाण उतरतं आणि ट्रेहॅलोज चढतं. ज्या यीस्टमध्ये प्रथिनं जास्त, ते फुगवायला तडफदार असतं पण टिकत नाही. टिकाऊ यीस्ट हवं असेल तर थोडी तडफ सोडावी लागते. हा हिशेब कारखान्यातली माणसं करतात, पेशी नाही.

"पण कारखाना तिला काही शिकवत नाही," भाची सोडत नाही. "भूक लागल्यावर काय करायचं ते तिला येत होतंच. कारखाना फक्त भूक घडवून आणतो. द्राक्षं आणि पिकलेली फळं वर्षातून थोडे दिवस मिळतात. उरलेले महिने हे यीस्ट कुठे असतं? झाडाच्या सालीवर, फळाच्या कातडीवर. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की गांधिलमाश्यांच्या पोटात ते हिवाळा काढतं आणि वसंतात नव्या अळ्यांपर्यंत पोचतं."

"गांधिलमाशीच्या पोटात काय ऊन पडतं? तिथे ते सुकतं कुठे?"

भाचीला हसू येतं. गांधिलमाशीचा दाखला हिवाळ्याचा आहे, सुकण्याचा नाही, हे ती मान्य करते. तिचा बळकट दाखला दुसरा आहे, फ्रान्समधल्या दिजाँचा. पाणी गेल्यावर यीस्टची पेशी आक्रसते, तिचं आकारमान निम्म्याहून कमी होऊ शकतं. पटल मात्र ताणताही येत नाही आणि दाबताही. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच राहतं. मग ते आत दुमडतं, त्याला घड्या पडतात. घड्या पडून तशाच राहिल्या तर भिजताना त्या उलगडतात आणि पेशी पूर्ववत होते. घड्यांचे तुकडे सुटून आत पडले, तर पटल कायमचं तोकडं होतं आणि पाणी परत शिरताच फाटतं. तिथल्या संशोधकांना आढळलं, की कोणती गोष्ट घडेल हे बरंचसं एर्गोस्टेरॉलवर अवलंबून असतं. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल जे काम करतं, ते बुरशीवर्गात एर्गोस्टेरॉल करतं. हा रेणू नीट बनवू न शकणारं यीस्ट सुकवून भिजवलं की फार मोठ्या प्रमाणात मरतं. २०१२ मध्ये त्यांनी यापुढचा तर्क मांडला: बुरशींनी एर्गोस्टेरॉल बनवण्याची लांबलचक प्रक्रिया कमावली ती पाण्यातून जमिनीवर येताना, रोज सुकण्या-भिजण्याचा मार खाताना.

"बघा, एक शब्द तुमच्या बाजूने," भाचीच सांगते. "ते नुकसान दिसतं भिजवल्यावर. तोकडं पटल कोरड्या दाण्यात कळतच नाही. पाणी आलं की फाटतं."

"मग मी दुसरं काय म्हणत होतो?"

"तुम्ही म्हणालात, पाण्याने मारलं. मी म्हणते, सुकतानाच मारलं होतं, पाण्याने फक्त कळवलं."

सुकलेला जीव पाण्याअभावी मेलेला असतो की नुसता थांबलेला, हा प्रश्न या मामा-भाचीच्या फार आधीचा आहे. डेल्फ्टच्या आंतोनी फान लेवेनहुकने १६८० मध्ये बिअरमधले यीस्टचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण ते जिवंत आहेत असं काही त्याच्या मनात आलं नाही. छताच्या पन्हळीतल्या सुकलेल्या गाळात पाणी घातल्यावर बारीक जीव हालचाल करू लागतात, हे मात्र त्याने १७०२ मध्ये लिहून ठेवलं. दीडशे वर्षांनी पॅरिसमध्ये यावरून भांडण पेटलं. द्वायेर म्हणत होते, पूर्ण कोरडे झालेले जीव पुन्हा उठतात. पूशे म्हणत होते, हे अशक्य आहे. उठले ते पूर्ण सुकलेच नव्हते आणि जे पूर्ण सुकले ते मेले. हे पूशे म्हणजे निर्जीवातून सजीव आपोआप निर्माण होतात असं मानणारे आणि त्यासाठी पाश्चरशी भांडणारे. पॉल ब्रोका यांच्या समितीने १८६० मध्ये निवाडा दिला. निर्वातात ८२ दिवस सुकवून मग शंभर अंशांवर अर्धा तास तापवलेले जीवही पाणी मिळाल्यावर हलले. निवाडा झाला, तरी ते कोरडे असताना जिवंत होते का, याचं उत्तर त्यात नव्हतं. केंब्रिजच्या डेव्हिड कीलिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या, १९५९ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानात हा सगळा इतिहास मांडला आणि सुचवलं, की अशा जीवात क्रिया शोधू नये, रचना पाहावी. क्रिया शून्यावर आली तरी रचना शाबूत असेल, तर जीव परत येऊ शकतो.

मामांना कीलिन आवडतात. "रचना शाबूत ठेवायची, हे तर माझंच काम. पाकीट फोडल्यावर डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये. हवा आणि दमटपणा लागला की गेलं."

रचना नक्की कशाने शाबूत राहते, यावर मात्र प्रयोगशाळांत एकमत नाही, आणि इथे वाद मामांच्या हातून निसटून भाचीच्या क्षेत्रात शिरतो. क्रो दांपत्याचा १९८४ चा सिद्धान्त असा: ट्रेहॅलोज पाण्याची जागा घेतं. स्निग्ध रेणूंच्या डोक्यांमध्ये जिथे पाणी होतं तिथे साखर बसते आणि त्यांना खेटू देत नाही. दुसरा सिद्धान्त काचेचा. पाणी कमी होत गेलं की ट्रेहॅलोजच्या द्रावणाचे स्फटिक होत नाहीत. चिक्कीसाठी केलेला पाक थंड झाल्यावर पारदर्शक आणि कडक होतो, तसं ते पेशीच्या आत घट्ट होतं. त्या काचेत प्रथिनं अडकून पडतात. एकमेकांपर्यंत पोचता येत नसल्याने ती गुठळ्या करू शकत नाहीत. दोन्ही सिद्धान्तांत नायक एकच, ट्रेहॅलोज.

२००६ मध्ये इंग्लंडमध्ये रत्नकुमार आणि टनाक्लिफ यांनी या नायकालाच धक्का दिला. ट्रेहॅलोज बनवू न शकणारं यीस्टही त्यांच्या प्रयोगात सुकून वाचलं, आणि नुसतं ट्रेहॅलोज वाढवून भागलं नाही. त्याआधीच टनाक्लिफ यांच्या गटाने दाखवलं होतं, की लेवेनहुकने पाहिलेल्या जीवांचे आजचे भाईबंद, डेलॉइड रोटिफर, ट्रेहॅलोजशिवायच सुकतात आणि उठतात.

"म्हणजे तू मघाशी सांगितलेली साखर उडाली," मामा म्हणतात.

"थांबा, गोष्ट पुढे आहे."

बर्कलेच्या डग्लस कॉशलँड यांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो टापिया यांनी काळाकडे लक्ष दिलं. ट्रेहॅलोज नसलेलं यीस्ट एक-दोन दिवस कोरडं ठेवून भिजवलं तर फारसा फरक दिसत नाही. तेच यीस्ट कितीतरी आठवडे कोरडं ठेवलं तर झपाट्याने मरत जातं, ट्रेहॅलोज असलेलं मात्र टिकतं. हे २०१४ चं काम. पुढच्या वर्षी त्यांनी उलटी बाजू तपासली. जोमाने वाढणाऱ्या, म्हणजे एरवी सुकताना हमखास मरणाऱ्या पेशींना त्यांनी बाहेरचं ट्रेहॅलोज आत घेता येईल आणि ते मोडता येणार नाही, अशी जनुकीय सोय करून दिली. त्या पेशी उपाशी राहिलेल्या नव्हत्या, त्यांची बाकी कसलीच तयारी झालेली नव्हती. तरी सुकण्याला त्या पुरून उरल्या. आधीच्या प्रयोगात हेच का दिसलं नाही, याचं त्यांचं उत्तर होतं साखरेची मात्रा आणि ती पेशीच्या आत पोचण्याची पद्धत. त्याच प्रयोगशाळेने पुढे एचएसपी१२ नावाच्या लहानशा प्रथिनाची जोड दाखवली: ठरलेला आकार नसलेलं, पाण्यात सहज विरघळणारं प्रथिन, भुकेच्या काळात भरपूर बनणारं. काही काम साखरेचं, काही त्याचं.

आणखी एक धागा ड्रेस्डेनहून आला. तिथल्या माक्स प्लांक संस्थेत २०१६ मध्ये दिसलं, की अन्न तुटल्यावर यीस्टच्या पेशीतलं आम्लपण वाढतं आणि आतला रस पातळ न राहता घट्ट होतो, आतले कण हलेनासे होतात. इथे सुकवणं नव्हतंच. पाणी भरपूर असताना नुसत्या उपासाने हे झालं होतं. आम्लपण परत उतरलं की रस पुन्हा पातळ.

"हेच मी सांगत होते, मामा. पाणी जायच्या आधीच पेशीने स्वतःला थांबवलेलं असतं."

"थांबवलं ठीक. पण तुमच्या प्रयोगशाळेत कारखान्यासारखी घाई नसते. टनावारी माल सुकवायचा तर हाताचीच कला लागते."

मामांच्या या बोलण्याला चांगला इतिहास आहे. ताज्या यीस्टच्या वडीत सत्तर टक्के पाणी असतं आणि ती फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जगभर ताजा ब्रेड हवा होता, बर्फात यीस्ट पाठवणं जमणारं नव्हतं, तेव्हा फ्लायशमन कंपनीने सामान्य तापमानाला टिकणारं दाणेदार कोरडं यीस्ट बनवलं. हे दाणे तासन्‌तास सुकत आणि बाहेरच्या थरातल्या बऱ्याच पेशी मरत. तो मेलेला थर आतल्या जिवंत पेशींना झाकून राही, म्हणून हे यीस्ट आधी पाण्यात भिजवणं भाग होतं. मेलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन सुटतं आणि ते मैद्यातल्या ग्लुटेनचे बंध सैल करतं. डो चिकट आणि ढिला होतो, पाव नीट उभा राहत नाही. १९७० च्या दशकात युरोपात इन्स्टंट यीस्ट आलं. यीस्टचा लगदा बारीक भोकांतून शेवयांसारखा काढायचा, खालून उबदार हवा सोडून दाणे हवेत खेळते ठेवायचे आणि तासाभराच्या आत सुकवायचे. बाष्पीभवनामुळे दाणा स्वतः फारसा तापत नाही. त्यात एक टक्क्याच्या आसपास सॉर्बिटन मोनोस्टिअरेट घालतात. पाकिटावर ते 'इमल्सिफायर ४९१' म्हणून छापलेलं असतं. त्याने पटल सांभाळलं जातं. हे दाणे सच्छिद्र असतात, म्हणून ते थेट मैद्यात घालता येतात.

"एक टक्का मेण घातलं म्हणून वाचलं," मामा म्हणतात. "ते काही तुझ्या झाडाच्या सालीवर नव्हतं."

"नव्हतं. पण कारखाना आणि इमल्सिफायर नसतानाही लोक यीस्ट सुकवत होतेच."

भाची नॉर्वेची गोष्ट सांगते. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांत बिअर बनवायचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या घरातच राखलं जाई. आंबणाऱ्या बिअरच्या फेसात लाकडी कड्यांची साखळी किंवा छिद्रं पाडलेला ओंडका बुडवायचा, वर चिकटलेल्या यीस्टसकट तो माळ्यावर टांगून सुकवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा द्रावणात सोडायचा. मधे महिने जात. या यीस्टला तिकडे क्वाइक म्हणतात. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की क्वाइकचे वाण बाकीच्या बिअर-यीस्टहून जनुकीय दृष्ट्या वेगळा गट आहेत, आणि २०२२ च्या अभ्यासात ते ट्रेहॅलोज जास्त साठवतात असं आढळलं. आपल्याकडे सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरात मार्चा बनतो. भिजवून कुटलेल्या तांदळात वनस्पती आणि जुन्या मार्चाची पूड मिसळून चपट्या वड्या थापतात, नेच्याच्या पानांत उबवतात आणि उन्हात वाळवतात. त्यात यीस्टसोबत बुरशी आणि लॅक्टिक जिवाणूही असतात. वाळलेला मार्चा महिनोन्‌महिने टिकतो आणि कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, जाँड नावाच्या पेयाला लागतो. गोव्यातल्या पोदेरांना, म्हणजे पाववाल्यांना, मात्र सुकवण्याची गरज पडली नाही. माडाची सूर रोज ताजी मिळत होती आणि पूर्वी पावाचं पीठ तिच्यावरच फुगे.

गंमत अशी, की क्वाइकचा दाखला दोघेही आपापल्या बाजूला ओढतात. भाचीला त्यात कारखान्याशिवाय सुकून वाचणारं यीस्ट दिसतं. मामा म्हणतात, "साखळी कोणी बुडवली? माळ्यावर कोणी टांगली? जे सुकून मेलं ते पुढच्या खेपेला आलंच नाही. जे वाचलं त्याचीच औलाद पुढे चालली. निवड माणसानेच केली, नकळत का होईना." उत्क्रांती शिकलेल्या भाचीला हे नाकारता येत नाही. ती एवढंच म्हणते, की निवडायला आधी काहीतरी असावं लागतं.

यीस्टचं हे सुकणं आता बेकरीपुरतं राहिलेलं नाही. जुलाबावर औषधाच्या दुकानात ज्या सॅकॅरोमायसीस बुलार्डीच्या पुड्या मिळतात, त्याही सुकवलेल्या जिवंत यीस्टच्याच. फ्रान्सच्या आंरी बुलार यांनी १९२३ मध्ये इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनवरून ते वेगळं केलं. पुडीतली पेशी तीच कामगिरी घेऊन पोटात उतरते: भिजताना पटल सांभाळायचं. फरक इतकाच, की तिथे पाणी आपसूक सदतीस अंशांचं मिळतं.

मग वाद वळतो रोजच्या कामाकडे. इन्स्टंट यीस्ट आधी भिजवावं की थेट टाकावं? वाइन बनवणारे आजही भिजवतात: यीस्टच्या दहापट पाणी, पस्तीस ते चाळीस अंश, वीस मिनिटं. द्राक्षरसात साखर भरमसाट असते, आणि पटल अजून सावरलेलं नसताना बाहेर एवढी साखर असली तर पेशीला ते जड जातं. बिअर घरी बनवणारे वर्षानुवर्षं तसंच करत आले. अलीकडे यीस्ट विकणाऱ्यांपैकी काही म्हणतात, आमचं यीस्ट थेट टाका, फरक पडत नाही. मामा कोमट पाण्याच्या बाजूचे आहेत, पण चिमूटभर साखरेसह. भाचीला साखर नको. मीठ दाण्यांवर सरळ पडू नये, एवढ्यावर मात्र दोघांचं जमतं.

"मेली किती आणि वाचली किती, हे मोजून टाकू," मामा एकदा म्हणाले. "ते तुझं निळं औषध आण."

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. जिवंत पेशी हा रंग आत शिरला तरी त्याचा रंगहीन पदार्थ करून टाकते. मेलेली पेशी निळीच राहते. ताज्या यीस्टसाठी ही चाचणी ठीक आहे. नुकत्याच भिजवलेल्या कोरड्या यीस्टवर ती फसते. पटल अजून सैल असतं, आतली यंत्रणा पुरती चालू झालेली नसते, आणि पुढे सावरणार असलेली पेशीही निळी दिसू शकते.

"मग निळी दिसली ती मेली की नाही?"

"त्या मिनिटाला सांगता येत नाही. ताटलीतल्या माध्यमावर पसरायची आणि दोन दिवसांनी बघायचं. जिची वसाहत आली ती वाचली."

"दोन दिवस? माझा पाव पहाटे निघतो. डो वर आला, म्हणजे जिवंत."

"वर आणणारी प्रत्येक पेशी विभागू शकते असं नाही. साखर फोडून गॅस सोडेल आणि पुढे एकही कळी धरणार नाही, अशा पेशी असतात. माझ्या हिशेबात त्या मेलेल्या."

"मला तिची पोरंबाळं कुठे हवीत? गॅस हवाय."

शेवटी एकाच पाकिटाचे वाटे करायचं ठरलं आहे: एक पंधरा अंशांच्या पाण्यात, एक चाळीस अंशांच्या, एक सरळ मैद्यात. मामा डोची उंची मोजणार, भाची प्रत्येक वाट्यातून थोडं काढून ताटल्यांवर पसरणार. चौथा वाटा भाचीने हट्टाने घालायला लावला आहे. तिच्या भांड्यात भरपूर ग्लुकोजवर वाढलेलं, अजिबात उपाशी न राहिलेलं यीस्ट ती स्वतः सुकवून आणणार आणि ते मामांनी त्यांच्या हाताने, त्यांना हव्या त्या कोमट पाण्यात भिजवायचं. मामांनी ते कबूल केलं आहे, पण एका अटीवर: सुकवताना ते शेजारी उभे राहणार आणि हवा किती गरम सोडायची हे तेच सांगणार.